पांढऱ्या भांड्यात हाड आहे का?



पांढरी शुभ्र बेकिंग डिश कुणाकडे दिसली की आपल्यात एक प्रश्न हमखास निघतो: "यात हाड नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. बोन चायनाचे मिश्रण अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक येथे जोसाया स्पोड याने पक्के केले. त्यात जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांची राख असते. म्हणून ती कितीही नाजूक दिसली तरी आपल्या ओट्यावर तिला जागा नाही.

पण परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या किंवा चोर बाजारात मिळणाऱ्या जुन्या पांढऱ्या बेकिंग डिश बहुतेक वेळा चिनी मातीच्या नसतात. त्या दुधी काचेच्या असतात. ही खिडकीची धुरकट काच नव्हे, आतपर्यंत दुधासारखी पांढरी असलेली काच. हिलाच ओपल काच म्हणतात. व्हेनिसच्या कारागिरांनी पंधराव्या शतकात ती केली आणि तिला दुधावरूनच 'लात्तिमो' हे नाव दिले.

इथे एक गोष्ट आपल्याला माहीत हवी. काच पांढरी करायला त्या काळी कथील वापरत, आणि पुढे जर्मनी-बोहेमियात चक्क हाडांची राखही वापरली गेली. म्हणजे फार जुनी युरोपीय फुलदाणी किंवा पेला असेल, तर शंका घ्यायलाच हवी. एकोणिसाव्या शतकात ग्रीनलंडहून येणारे क्रायोलाइट हे खनिज वापरात आले आणि विसाव्या शतकात फ्लोराइडच्या क्षारांनी काच पांढरी करणे रूढ झाले. ओव्हनची भांडी याच काळातली.

अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने 1915 मध्ये पायरेक्स बाजारात आणले, तेव्हा ते पारदर्शक होते. पांढऱ्या काचेवर बाहेरून रंग दिलेले वाडग्यांचे संच 1940 च्या दशकात आले. याच कॉर्निंगच्या सहकार्याने 1962 मध्ये मुंबईत जी कंपनी सुरू झाली, ती आपली बोरोसिल. तिचा कारखाना अंधेरीत मरोळला होता. तिथली काच पारदर्शक, पण ओव्हनमध्ये काच ठेवायची भीती उपनगरातल्या बायकांची मोडली ती बोरोसिलमुळेच. 1988 मध्ये कॉर्निंगने आपला हिस्सा भारतीय भागीदारांना विकला. भारतात दुधी काचेची भांडी घरोघरी पोचवली ती ला ओपालाने, आजच्या झारखंडमधील मधुपूरच्या कारखान्यातून.

जुने भांडे घेताना उजेडात धरून पाहू नका. बोन चायनातूनही उजेड दिसतो. भांडे उलटे करा. चिनी मातीच्या बुडाशी पुष्कळदा लेप नसलेली खरखरीत कड असते. काच सगळीकडे सारखी गुळगुळीत असते, साच्याची बारीक रेघ दिसते आणि नाव बहुधा काचेतच उमटवलेले असते.

आधीच्या घरात त्यात अंड्याचा केक झाला असेल, ही शंकाही खरी आहे. काचेला रंध्रे नसतात, त्यामुळे वास किंवा तेल आत मुरत नाही. तरीही मन मानत नसेल, तर घेऊ नये.

निगा सोपी आहे. मऊ स्पंज आणि सौम्य साबण पुरे. तारेची घासणी लावू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका, नाहीतर नक्षी उडते. फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, गॅसच्या आचेवर तर कधीच नको. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्हही नको. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून अन्न फक्त साध्या पांढऱ्या बाजूलाच लागू द्या. आत ओरखडे किंवा काठाला टवका असेल, तर ते भांडे स्वयंपाकातून काढा.

राहता राहिला संग्रहाचा प्रश्न. परिग्रहपरिमाण व्रत घेणाऱ्यांनी बारा डिश कपाटात रचून ठेवणे शोभत नाही. माझ्याकडे तीन आहेत: एक हांडवोची, एक बिनअंड्याच्या केकची, एक बेक्ड भाज्यांची. चौथी घरात आली, तर आधीची एक लेकीकडे किंवा शेजारी जाते. हिंसा टाळायला भांडे निवडायचे आणि त्याच भांड्यांचा लोभ धरायचा, हे मला पटत नाही. तुमच्या घरी अशी जुनी डिश असेल, तर आजच उलटी करून पाहा.