बंदुकीच्या नळीतील फूल

राष्ट्रीय सणाच्या दिवशी तोरणे बांधावीत, पताका लावाव्यात, ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवाव्यात, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ही सजावट आपण आधी योजून करतो. पोर्तुगालच्या स्वातंत्र्यदिनाचे लाल कार्नेशन मात्र कोणी योजून निवडले नव्हते.

२५ एप्रिल १९७४ रोजी पहाटे लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. आफ्रिकेतील वसाहतींत १९६१ पासून चाललेल्या युद्धांना सैन्य विटले होते. सालाझारने उभी केलेली व १९६८ नंतर कायतानोने चालविलेली हुकूमशाही त्या एका दिवसात कोसळली. त्याच दिवशी एका उपाहारगृहाचा पहिला वाढदिवस होता. गिऱ्हाइकांना देण्यासाठी आणलेली कार्नेशन्स उठावामुळे तशीच राहिली. मालकाने ती नोकरांना घरी नेण्यास सांगितले. सेलेश्ते कायेरो ही त्यांपैकीच एक. वाटेत एका सैनिकाने तिच्याजवळ सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले, आणि त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले. पाहता पाहता इतर सैनिकांच्या बंदुकाही फुलल्या. दिवस अगदीच रक्तहीन गेला असे मात्र नव्हे. गुप्त पोलिसांच्या गोळ्यांनी चार नागरिकांचे प्राण घेतले.

तेव्हापासून दर २५ एप्रिलला लिस्बनचे लोक हे फूल हाती घेऊन रस्त्यावर येतात, संसदेचे सभागृहही त्याने सजते. ते छातीवर लावावे की नाही, यावर तेथील राजकारण्यांत वाद होतात, हेही खरे.

हा परका इतिहास आम्ही येथे का सांगावा? कारण त्याच राजवटीच्या बंदुकांनी १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. आमच्या माळव्यातील उज्जयिनीचे राजाभाऊ महाकाळ हे त्या हुतात्म्यांपैकीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनने ते मान्य केले नाही. ती मान्यता आली १९७४ च्या क्रांतीनंतर. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत तसा करार झाला.

म्हणून त्या फुलाशी आमचेही थोडे नाते आहे, असे आम्हांस वाटते. पुढच्या १५ ऑगस्टला ध्वजातून पाकळ्या झरतील, तेव्हा मुलांना खाऊ वाटण्यापूर्वी त्या सीमेवर पडलेल्यांची नावेही कोणीतरी वाचून दाखवावीत, एवढीच आमची विनंती.