हुतात्म्याच्या नावाचे महाविद्यालय

गेल्या वर्षी जून महिन्यात, सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी आपल्या यजमानांसह मला भेटावयास आल्या. यजमान मूळचे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. चाकणच्या कारखान्यात नोकरी, बिऱ्हाड शहरात. गावी थोडी शेती आणि वृद्ध आई. धाकट्या कन्येला बी.एस्सी. करावयाचे होते. टेबलावर त्यांनी चार गुळगुळीत माहितीपुस्तके मांडली आणि म्हणाले, "फादर, सरकारी बरं की खाजगी, तेवढं सांगा. मंचरला सरकारी कॉलेज आहे, आजीकडे राहून जाईल. पण लोक म्हणतात, पैसे मोजले तर शहरातलं खाजगी चांगलं."

मंचरचे ते महाविद्यालय सरकारी नाही. ते रयत शिक्षण संस्थेचे, म्हणजे एका खाजगी संस्थेचे आहे. हे मी सांगितले तेव्हा त्या गृहस्थांना खरे वाटेना. शुल्क कमी म्हणजे सरकारी आणि शुल्क भरमसाट म्हणजे खाजगी, असा हिशेब त्यांच्या मनात पक्का बसला होता. आणि वाचकहो, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो. हा गैरसमज कोठून आला हे पाहू गेल्यास महाराष्ट्राच्या शिक्षणाचा सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. त्या इतिहासात महाळुंगे पडवळलाही एक जागा आहे.

पुणे–नाशिक महामार्गापासून थोडे आत असलेले हे गाव हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे. त्यांचा जन्म १९०८ मधला. घरची गरिबी, वडील लवकर गेले. या भागातील असंख्य कुटुंबांनी धरली तीच मुंबईची वाट या कुटुंबानेही धरली. बाबू गिरणीत कामाला लागले, स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीसमोर आडवे झाले. मोटार थांबली नाही. वय अवघे बावीस वर्षांचे. आज ज्या वयात आपली मुले पदवी हाती घेऊन बाहेर पडतात, ते हे वय.

बाबू गेनूंच्या बालपणी आंबेगाव–जुन्नरच्या मुलाला पदवी घ्यावयाची असती तर पुणे गाठावे लागले असते. पुण्यात तेव्हा सरकारी डेक्कन कॉलेज होते आणि खाजगी फर्ग्युसन कॉलेज. या दुसऱ्याची कथा आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींची न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाली, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. येथे 'खाजगी' या शब्दाचा अर्थ काय होता? आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवेची शपथ घ्यावयाची आणि अल्प वेतनावर शिकवावयाचे. गोपाळ कृष्ण गोखले महिना ७५ रुपयांवर तेथे राबले. सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, या प्रश्नावर तेथे इतके तीव्र मतभेद झाले की १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. ज्या संस्थेत भांडण होते ते शिक्षकाने वरकमाई करावी की नाही यावरून, ती 'खाजगी' संस्था! आज हा शब्द ऐकताच आपला हात खिशाकडे जातो.

सरकारी म्हणजे सुरक्षित, ही समजूतही तपासून घ्यावी. सरकारने काटकसर म्हणून १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. खाजगी फर्ग्युसनचे वर्ग मात्र चालूच राहिले.

या खाजगी संस्थांना बळ मिळाले ते १८५४ च्या वुडच्या खलित्यातील अनुदान पद्धतीमुळे. संस्था लोकांनी काढावी, सरकारने तपासणी करून मदत द्यावी, अशी ती पद्धत होती. मिशनऱ्यांची महाविद्यालये याच पद्धतीत वाढली; जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेले सेंट झेवियर्स हे आपल्याला ठाऊक असलेले उदाहरण. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी मात्र कळीचा मुद्दा मांडला: सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. महाळुंगे पडवळचा शेतकरी सारा भरत होता. त्याच्या मुलाला मिळाली ती गिरणी.

हे कोडे सोडविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न सातारा जिल्ह्यात झाला. सत्यशोधक विचारांत वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बोर्डिंगातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि 'कमवा आणि शिका' ही योजना महाविद्यालयात आली. शेतात, बांधकामावर राबून मुलगा पदवीधर होऊ लागला. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले तेव्हा भाऊरावांनी लोकांपुढे झोळी पसरली. हीसुद्धा खाजगीच संस्था. खाजगीचा हा दुसरा अर्थ, रयतेची.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. पुढे जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर अशा तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी महाविद्यालये निघाली. जवळजवळ सगळी संस्थांचीच. प्राध्यापकांचे वेतन सरकारी अनुदानातून येऊ लागले, शुल्क माफक राहिले, आणि लोक त्यांना 'सरकारी' म्हणू लागले. आमच्या गृहस्थांचा गोंधळ तेथला. मंचरच्या महाविद्यालयाचे पूर्ण नाव त्यांना मी वाचून दाखविले: अण्णासाहेब आवटे कला, वाणिज्य आणि हुतात्मा बाबू गेनू विज्ञान महाविद्यालय. ते क्षणभर गप्प झाले. ज्या गिरणी कामगाराच्या वाट्याला महाविद्यालय आले नाही, त्याच्या नावाने त्याच्याच तालुक्यात विज्ञान शिकविले जाते, ही गोष्ट त्याच्या गावच्या माणसाच्याही ध्यानात नव्हती. तेथे सगळे नुसते 'आवटे कॉलेज' म्हणतात.

खाजगी शब्दाचा तिसरा अर्थ १९८३ नंतरचा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. ही सर्वस्वी वाईट गोष्ट झाली असे मी म्हणणार नाही. कर्नाटकात पैसे भरून शिकावयास जाणारी आपली मुले महाराष्ट्रात शिकू लागली. परंतु देणग्यांचा बाजार इतका माजला की सरकारला १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणी आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या प्रकरणी निकाल दिले. विनाअनुदानित संस्थेला शुल्क ठरविण्याची मोकळीक आहे, पण नफेखोरी नको आणि कॅपिटेशन फी नको, असा त्यांचा आशय. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क तपासण्यासाठी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने प्राधिकरण आले. अलीकडे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही आली आहेत. त्यांची पदवी त्यांचीच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची नव्हे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, ठरावीक गटांच्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील मुलींना शुल्कमाफी मिळाली. त्यातून ही विद्यापीठे वगळलेली आहेत. म्हणजे पाटीवरचा एक शब्द न वाचल्याने घरचे अंदाजपत्रक कोसळू शकते.

आणि आता तर एकाच इमारतीत दोन महाविद्यालये नांदतात. तळमजल्यावर अनुदानित बी.ए., बी.कॉम.; वरच्या मजल्यावर 'कायम विनाअनुदानित' बी.बी.ए. किंवा संगणकशास्त्र. फाटक एक, प्राचार्य एक, पण शुल्क वेगळे आणि बरेचदा शिक्षकही वेगळे. वरच्या मजल्यावरचे पुष्कळसे तासिका तत्त्वावर, तासागणिक मानधनावर शिकविणारे. ते तळमळीने शिकवतात, हे मी पाहिले आहे; पण पुढच्या वर्षी ते असतीलच असे नाही. म्हणून पालकांनी इमारतीचे छायाचित्र पाहण्याआधी, आपल्या विषयाला कायमस्वरूपी शिक्षक किती, हे विचारावे. माहितीपुस्तकात हा आकडा सहसा ठळक अक्षरांत नसतो.

आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट ओघाने. जूनमध्ये आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी रांग लागते. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला आहे आणि ख्रिस्ती महाविद्यालयांत त्यापोटी काही जागा असतात. पण दाखला म्हणजे प्रवेश नव्हे, शुल्कमाफी तर नव्हेच. गुणांची यादी तेथेही लागते.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. याच कुटुंबाच्या थोरल्या मुलीसाठी काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या नावे शिफारसपत्र लिहिले होते. संस्थेचे नाव येथे देत नाही. मी ती पाहिली नव्हती; माहितीपुस्तक पाहिले होते. प्रवेशाच्या वेळी मुलीची मूळ गुणपत्रके आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेण्यात आला. दीड महिन्याने, सांगितलेल्यापेक्षा शुल्क अधिक आहे असे कळल्यावर तिने प्रवेश रद्द करावयाचे ठरविले, तेव्हा कागदपत्रे अडकली. उरलेले शुल्क भरा आणि कागद न्या, असे उत्तर मिळाले. वडील तीन वेळा गेले. एकदा मीही गेलो. बाकावर दोन तास बसून परतलो. कागद हाती आले तेव्हा इतरत्र प्रवेश बंद झाले होते. मुलीचे वर्ष गेले.

मूळ प्रमाणपत्रे तपासून तेथल्या तेथे परत द्यावीत, ती अडवून ठेवू नयेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अधिसूचना ऑक्टोबर २०१८ चीच होती. प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती शुल्क परत मिळावे, याचे प्रमाणही तिच्यात दिले आहे. मला ती ठाऊक नव्हती. गुरुविद्यालयात आम्हांला कॅनन लॉ शिकविला गेला, तत्त्वज्ञान शिकविले गेले. हा कागद मात्र मी त्या मुलीचे वर्ष गेल्यावर वाचला. तेव्हापासून स्वतः न पाहिलेल्या संस्थेला मी पत्र देत नाही. काही पालक रुसतात.

धाकटीच्या वेळी म्हणून आम्ही तिघांनी, तिच्या आईवडिलांनी आणि मी, चारही माहितीपुस्तके बाजूला सारून एका कोऱ्या कागदावर लिहिले: पदवी कोणत्या विद्यापीठाची, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, तिन्ही-चारही वर्षांचे मिळून शुल्क किती, प्रयोगशाळेत आठवड्याला किती तास. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथे वर्ष आले आहे, तेही विचारावयाचे ठरले. तो कागद घेऊन मुलगी स्वतः शहरातल्या दोन ठिकाणी आणि मंचरला जाऊन आली. दोन ठिकाणी तिला पुन्हा माहितीपुस्तकच मिळाले.

तिने मंचर घेतले. प्रवेशाच्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला. "फादर, कागद बघितले आणि लगेच परत दिले. पावती पण मिळाली." मागून आजीचा आवाज येत होता. पोरीला कुठल्या कॉलेजात घातले, असे ती विचारीत होती. मुलाने आवटे कॉलेज म्हणून सांगितले ते तिला नीटसे कळेना. मग नातीनेच फोनपासून दूर होऊन मोठ्याने सांगितले, "आजी, आपल्या बाबू गेनूंच्या."