आफ्रिकेची पहिली फुटबॉल-स्पर्धा

एखाद्या स्पर्धेस आरंभ होण्यापूर्वीं तींत उतरणाऱ्या संघांचें बलाबल तोलून पाहण्याची चाल सर्वत्र आहे. कोणाचा बचाव भक्कम, कोणाची आघाडीची फळी चपळ, कोणास घरच्या मैदानाचा लाभ, याचा हिशेब मांडून रसिक मंडळी आपापलीं भाकितें वर्तवीत असतात. चेंडू एकदां मैदानांत आला म्हणजे यांतील बरींचशीं भाकितें फोल ठरतात आणि चार दिवसांनीं त्यांची कोणास आठवणहि राहत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हा हिशेब मागें वळून मांडतां येतो; आणि मग कांहीं वेळां असें आढळून येतें कीं, संघांचें खरें बलाबल खेळाडूंच्या पायांत नसून त्यांच्या देशांच्या पूर्वचरित्रांत होतें. १९५७ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत सुदानची राजधानी खार्तूम येथें आफ्रिकेंतील राष्ट्रांची जी पहिली फुटबॉल-स्पर्धा झाली, ती या प्रकारची आहे. २०१९ पासून या स्पर्धेंत चोवीस राष्ट्रें सहा गटांत विभागून खेळूं लागलीं; त्या वेळीं एका गटाला पुरतील इतकींच चार नांवें कागदावर होतीं: इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. प्रत्यक्ष मैदानांत तीनच संघ उतरले. चौथा कां उतरला नाहीं, आणि त्याच्या न उतरण्यानें त्या स्पर्धेचें मोल घटलें कीं वाढलें, हा आमच्या या लेखाचा विषय आहे.

प्रथम ही स्पर्धा निघाली कशी तें पाहूं. जगांतील फुटबॉलाचा कारभार पाहणारी फिफा ही संस्था १९०४ सालीं पॅरिस येथें स्थापन झाली आणि पुढें अर्धशतक तिचीं सूत्रें मुख्यत्वें युरोप व दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या हातीं राहिलीं. १९५४ सालीं बर्न येथील परिषदेच्या वेळीं आफ्रिकेस तिच्या कार्यकारिणींत जागा मिळाली व इजिप्तचे अभियंते अब्देल अझीझ अब्दल्ला सालेम हे तेथें निवडून गेले. दोन वर्षांनीं, १९५६ च्या जून महिन्यांत, लिस्बन येथें परिषद भरली असतां आफ्रिकेंतील प्रतिनिधींनीं एकत्र बसून आपल्या खंडाचें स्वतंत्र मंडळ काढण्याचा बेत केला. ८ फेब्रुवारी १९५७ रोजीं खार्तूम येथें हें मंडळ अस्तित्वांत आलें, सालेम त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि लागलीच दोन दिवसांनीं स्पर्धेचा पहिला सामना खेळला गेला. बहुतेक आफ्रिका खंड त्या वेळीं युरोपीय सत्तांच्या अमलाखालीं होतें. घानासारख्या देशाचें स्वातंत्र्यसुद्धां स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर अठरा दिवसांनीं, म्हणजे ६ मार्च रोजीं, उजाडावयाचें होतें. मग नांवें चारच कां, याचें आश्चर्य वाटावयास नको.

या चौघांत इजिप्त हा वडील भाऊ. ब्रिटिश सैनिकांनीं व अधिकाऱ्यांनीं नाईलकांठीं आणलेला हा खेळ इजिप्तच्या तरुणांनीं लवकरच आपलासा केला. १९०७ सालीं कैरो येथें निघालेल्या क्लबाचें 'अल् अहली', म्हणजे 'राष्ट्रीय', हें नांवच त्यांच्या मनांतील आकांक्षा बोलून दाखवितें. १९२० सालीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत इजिप्तचा संघ उतरला. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. आणि १९३४ सालीं विश्वचषक-स्पर्धेंत खेळणारा पहिला आफ्रिकी संघ होण्याचा मान त्यानें मिळविला. नेपल्स येथें हंगेरीनें त्याचा ४–२ असा पराभव केला, तरी नांव झालें तें झालेंच. परंतु खार्तूमला आलेला इजिप्तचा संघ केवळ या कीर्तीचें ओझें घेऊन आला नव्हता. १९५६ च्या जुलै महिन्यांत सुएझ कालवा राष्ट्राच्या ताब्यांत घेतल्याबद्दल त्या देशावर ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स या तिघांनीं शस्त्र उचललें. निषेध म्हणून इजिप्तनें मेलबर्नच्या ऑलिंपिककडे पाठ फिरविली. पोर्ट सैद येथून परकीय सैन्य निघून जाऊन दोन महिनेहि झाले नव्हते, तोंच हे खेळाडू खार्तूमच्या मैदानांत उभे होते.

सुदान हा यजमान. १८९९ पासून त्या देशावर ब्रिटन व इजिप्त यांचें संयुक्त राज्य होतें; अर्थात् खरी सत्ता इंग्रजांची व नांव दोघांचें. १ जानेवारी १९५६ रोजीं सुदान स्वतंत्र झाला. म्हणजे स्पर्धेच्या वेळीं त्याचें स्वातंत्र्य उणेंपुरें तेरा महिन्यांचें होतें. तरी तेथें फुटबॉल नवा नव्हता. खार्तूमसमोर नाईलच्या पैलतीरीं असलेल्या ओम्दुर्मान शहरांत अल् हिलाल व अल् मर्रीख, म्हणजे चंद्रकोर व मंगळ, या दोन क्लबांची चुरस पूर्वींपासून चालत आलेली होती. त्यांपैकीं हिलाल हा क्लब १९३० सालीं गॉर्डन कॉलेजांत शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनीं काढला. अशा या सुदानची पहिलीच गांठ पडली ती नाममात्र कां होईना, कालपर्यंत आपला धनी म्हणविणाऱ्या इजिप्तशीं.

इथिओपियाची कथा याहून निराळी. १८९६ सालीं अडोवाच्या रणांगणावर इटलीच्या सैन्याचा मोड करून ज्यानें आपलें स्वातंत्र्य राखलें, तो हा देश. १९३५ च्या ऑक्टोबरांत मुसोलिनीच्या फौजा पुन्हा चालून आल्या, आणि शत्रु सरहद्द ओलांडून आंत येत असतांनाच, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, अदिस अबाबा येथें कांहीं तरुणांनीं सेंट जॉर्ज या नांवाचा क्लब काढला. पुढील वर्षीं राजधानी पडली. इटालियन अमलांत गोऱ्यांचे व देशी लोकांचे खेळ एकमेकांपासून अलग ठेवण्यांत आले. १९४१ सालीं देश मुक्त झाला व दोन वर्षांत तेथें फुटबॉल-मंडळ उभें राहिलें. या साऱ्या खटपटींत ज्याचें नांव अग्रभागीं येतें तो यिद्नेकाचु तेसेमा हा सेंट जॉर्ज क्लबाचा खेळाडू. खेळाडू, शिक्षक, संघटक अशा पायऱ्या चढत तो १९७२ सालीं आफ्रिकी मंडळाचा अध्यक्ष झाला व १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या पदावर राहिला. कातडीच्या रंगावरून मैदानें वांटण्याचा प्रकार त्याला पुस्तकांतून समजला नव्हता. त्यानें तो आपल्या तारुण्यांत पाहिला होता.

आतां राहिला चौथा. दक्षिण आफ्रिकेंत फुटबॉल-मंडळ १८९२ सालींच निघालें होतें. परंतु तें गोऱ्यांचें, आणि जागतिक संस्थेनें देशाचें मंडळ म्हणून मान्य केलें होतें तें हेंच. इतर वर्णांच्या लोकांनीं आपापलीं निराळीं मंडळें काढलीं. १८६० पासून ऊंसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं नाताळांत नेलेल्या आमच्या देशबांधवांच्या वंशजांचेंहि असें एक मंडळ १९०३ पासून होतें, व सॅम चायना नामक हिंदी व्यापाऱ्याच्या नांवाच्या चषकासाठीं त्यांचे सामने होत असत. १९५१ सालीं हिंदी, आफ्रिकी व मिश्रवर्णीय अशा तिन्ही समाजांच्या मंडळांनीं एकत्र येऊन एक संयुक्त संस्था स्थापिली. तिच्या छत्राखालीं खेळणारांची संख्या गोऱ्यांच्या मंडळाहून कितीतरी अधिक होती. तरी देशाच्या संघांत त्यांतील एकालाहि जागा नव्हती. १९४८ पासून अधिकारावर असलेल्या पक्षानें वर्णभेद हेंच राज्याचें धोरण करून टाकलें होतें. लिस्बनच्या बैठकीस महिनाहि झाला नाहीं तोंच अंतर्गत कारभाराचे मंत्री डॉ. डोंगेस यांनीं जाहीर केलें कीं, गोऱ्यांनीं व इतरांनीं आपले खेळ वेगळे खेळावे, आणि परदेशीं जाणारा किंवा परदेशांतून येणारा संघ मिश्र असूं नये.

खार्तूमच्या पेंचाचें मूळ हें असें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाचे प्रतिनिधि फ्रेड फेल यांच्यापुढें इतर तिघांनीं एकच अट ठेविली: संघ सर्व वर्णांच्या खेळाडूंतून निवडलेला असावा. त्यांची तयारी निव्वळ गोऱ्यांचा किंवा निव्वळ काळ्यांचा संघ पाठविण्याची होती, दोघांचा मिळून नव्हे. यावर बोलणें संपलें. त्यांस वगळण्यांत आलें कीं त्यांनीं आपण होऊन माघार घेतली, याविषयीं दोन्ही पक्षांच्या सांगण्यांत भेद आहे. परंतु भेद शब्दांचा आहे, परिणामाचा नाहीं.

खेळांत राजकारण आणूं नये हा आक्षेप तेव्हांहि निघाला व पुढेंहि पुष्कळ वर्षें निघत राहिला. तत्त्व म्हणून तो आम्हांसहि मान्य आहे. प्रश्न इतकाच कीं, राजकारण आणलें कोणीं? देशांतील उत्तम अकरा खेळाडू निवडावे हा खेळाचा नियम. त्यांतून काळे आधीं वेगळे काढा व मग उरलेल्यांतून निवडा, हा सरकारचा हुकूम. जो हुकूम पाळतो तो निर्मळ खेळाडू आणि जो नियम मागतो तो राजकारणी, असें म्हणणें न्यायाचें नव्हे. यजमान देश लोकशाहीचे आदर्श होते असें आम्ही सुचवीत नाहीं. इजिप्तवर लष्करी अधिकाऱ्यांचें राज्य होतें व इथिओपियावर सम्राटाचें. परंतु त्या दिवशीं प्रश्न राज्यपद्धतीचा नव्हता. देशाचा सदरा कोणाच्या अंगावर चढूं शकतो, एवढाच होता, आणि त्याचें उत्तर तिघांनींहि नीट दिलें.

त्या उत्तराची किंमत मात्र स्पर्धेला मोजावी लागली. इथिओपियाची जोडी दक्षिण आफ्रिकेशीं होती. ती तुटल्यामुळें तो संघ एकहि सामना न खेळतां अंतिम फेरींत गेला. १० फेब्रुवारी रोजीं इजिप्तनें सुदानला २–१ असें हरविलें. राअफत अतिया यानें पेनल्टीवर केलेला गोल हा या स्पर्धेच्या इतिहासांतील पहिला गोल. सुदाननें बरोबरी साधली, पण अल् दिबा या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या मोहंमद दियाब अल् अत्तार यानें विजयी गोल केला. १६ तारखेस अंतिम सामन्यांत इजिप्तनें इथिओपियावर ४–० असा विजय मिळविला, आणि ते चारहि गोल एकट्या अल् दिबाचे होते. याच गृहस्थानें १९६८ सालच्या स्पर्धेंत अंतिम सामन्याचा पंच म्हणून काम केलें. दोन सामने, सात गोल आणि अध्यक्ष सालेम यांच्या नांवाचा चषक, एवढ्यांत स्पर्धा आटोपली. तमाशा म्हणून पाहिलें तर पदरांत फार थोडें पडलें. १९५९ सालीं कैरोसहि तेच तीन संघ एका गटांत खेळले व चषक पुन्हा इजिप्तनेंच नेला.

पण १९६२ सालीं अदिस अबाबा येथें चित्र पालटलें. इथिओपियानें जादा वेळेंत इजिप्तवर ४–२ अशी मात केली. त्या विजयी संघाचा नायक लुचानो वासालो हा इटालियन पित्याचा व एरिट्रियन मातेचा मुलगा. त्याचा भाऊ इतालो हाहि त्या संघांत होता व दोघांनींहि त्या सामन्यांत गोल केले. ज्या देशाला इटलीनें तुडविलें, त्यानें इटालियन रक्ताच्या खेळाडूच्या हातीं आपलें नायकपद दिलें. खार्तूमच्या अटीचा अर्थ याहून स्पष्ट कोणता सांगावा?

तिकडे दक्षिण आफ्रिकेचा खटला जागतिक संस्थेपुढें रेंगाळत राहिला. १९६१ सालीं तिचें सदस्यत्व स्थगित झालें. १९६३ च्या आरंभीं संस्थेचे अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस हे स्वतः तिकडे जाऊन आले आणि स्थगिती उठली. तेव्हां गोऱ्यांच्या मंडळानें १९६६ च्या विश्वचषकास गोऱ्यांचा व १९७० च्या विश्वचषकास काळ्यांचा संघ पाठवूं, असा तोडगा सुचविला. सहा वर्षांत त्यांची विद्या एका अक्षरानेंहि पुढें गेली नव्हती! परंतु दरम्यान आफ्रिकेंतील स्वतंत्र राष्ट्रांची संख्या वाढली होती. १९६४ सालीं टोकियोच्या परिषदेंत त्यांच्या मतांच्या जोरावर स्थगिती पुन्हा आली व १९७६ सालीं माँट्रिऑल येथें हकालपट्टी झाली. खार्तूमला तीन मंडळांनीं जें ठरविलें, तें मान्य करावयास जगाला एकोणीस वर्षें लागलीं.

वर्णभेदाचे कायदे मोडीत निघाल्यावर १९९२ सालीं दक्षिण आफ्रिकेला दार उघडलें. १९९६ सालीं स्पर्धा तिच्याच भूमीवर झाली. गटवारींत इजिप्त व दक्षिण आफ्रिका एकाच गटांत आले, आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वीं जी गांठ पडूं शकली असती ती अखेर या स्पर्धेंत प्रथमच पडली. तो सामना इजिप्तनें १–० असा जिंकला. पण ३ फेब्रुवारी रोजीं ट्युनिशियाचा २–० असा पराभव करून चषक यजमानांनीं घेतला. नायक नील टोव्ही हा गोरा होता, दोन्ही गोल करणारा मार्क विल्यम्स गोरा नव्हता, आणि प्रेक्षकांत राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला बसले होते. १९५७ सालीं जो संघ मागितला होता, तो हा. दोन वर्षांनीं वागाडुगू येथें हेच दोन देश अंतिम सामन्यांत भिडले आणि इजिप्त २–० असा विजयी झाला. त्याचा मार्गदर्शक महमूद अल् गोहरी हा १९५९ च्या कैरो येथील विजेत्या संघांतला खेळाडू होता.

ज्या खार्तूमनें हा आरंभ पाहिला, त्या शहराची २०२३ च्या एप्रिलपासून पेटलेल्या यादवीनें कशी राखरांगोळी केली, हें आठवलें म्हणजे लेखणी जड होते. मैदानावरील न्यायानें देशाचे सर्व रोग बरे होतात असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु तीन दुबळ्या मंडळांनीं भरगच्च स्पर्धेपेक्षां अपुरी स्पर्धा पत्करली, आणि ती रिकामी जागा एकोणचाळीस वर्षें रिकामीच ठेविली. तींत शेवटीं आले ते सर्व वर्णांचे खेळाडू. त्या पहिल्या चषकावर नांव इजिप्तचें कोरलें गेलें. मान मात्र तिघांनींहि वांटून घ्यावा, असा आमचा अभिप्राय आहे.