वाढदिवस नेमका कोणाचा?

मुंबईच्या राणीच्या बागेला २०२२ साली १६० वर्षं पूर्ण झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याची ही बाग लोकांना खुली झाली, म्हणून वाढदिवस त्या तारखेचा. या लेडी फ्रिअर म्हणजे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी. हे फ्रिअर मुंबईला येण्याआधी आमच्या शेजारच्या साताऱ्यात रेसिडेंट होते.

मी मूळचा तासगावचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डेटाबेसमधल्या प्रत्येक नोंदीला ती तयार झाल्याची तारीख चिकटलेली असते आणि ती तारीख नेमकी कशाची, हे तपासायची आम्हाला सवय लागते. राणीच्या बागेची १८६२ ही तारीख झाडांची आहे. एका कृषी-उद्यान संस्थेची बाग आधी शिवडीला होती, ती भायखळ्याला आली. प्राणी खूप नंतर आले. १८९० मध्ये बागेला सुमारे १५ एकर जागा जोडली गेली आणि तिथे प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. म्हणजे मुलं ज्यांना बघायला येतात, त्यांचं वय बागेपेक्षा २८ वर्षांनी कमी.

पण मराठी मुलखात प्राणी बघायला ठेवण्याची गोष्ट याहून बरीच जुनी आहे. पेशव्यांचा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. तिथल्या एका गेंड्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रकार गंगाराम तांबट, तारीख नोव्हेंबर १७९०. इंग्रजांचे पुण्यातले वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी गंगारामने बरीच चित्रं काढली. गेंडा हा दख्खनचा प्राणी नव्हे. तो आसामचा, नेपाळच्या तराईचा. तो पुण्यात आहे याचा अर्थच असा, की ज्याच्या दारात तो बांधलाय त्याचा हात लांबवर पोचतो.

आता त्याच महिन्यात तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन कुठे होते? धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते, टिपूच्या विरुद्ध, आणि सोबत इंग्रजांची पलटण होती. दक्षिणेत लढाई आणि पुण्यात गेंडा, दोन्ही एकाच सत्तेची कामं. एक मुलूख दाखवायला, दुसरं वैभव दाखवायला. पुढे याच भाऊंनी बांधायला घेतलेलं तासगावचं गणपतीचं देऊळ सात मजली गोपुरासह उभं राहिलं. ऋषिपंचमीला तिथून रथ निघतो, हजारो लोक दोर ओढतात आणि रथाच्या पुढे हत्तीण चालते. आमच्या गावातल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिला हत्ती पाहिला तो असा. प्राणिसंग्रहालयात नाही, रस्त्यावर.

पुण्यात शिकारखाना होता त्याच सुमाराला पॅरिसमध्ये वेगळंच घडत होतं. फ्रेंच राज्यक्रांती झाली, राजा गेला आणि व्हर्सायच्या राजवाड्यात उरलेले प्राणी शहरातल्या वनस्पती उद्यानात आणले गेले. जे राजाचं होतं ते नागरिकांचं झालं. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ साली सुरू झालं ते फक्त अभ्यासकांसाठी, सामान्य लोकांना तिथे शिरायला १८४७ उजाडावं लागलं. राणीची बाग याच वळणावरची. पैसे भरा, आत या, बघा. ही मोठी गोष्ट होती, ती नाकारू नये. पण बदलला तो बघणारा. ज्याला बघायचं, त्याचा पिंजरा होता तसाच राहिला.

बघणाऱ्यासाठी काय काय केलं गेलं, याचा सगळ्यात गोड पुरावा पुण्यात आहे. १९५३ साली महापालिकेने पेशवे पार्क सुरू केलं आणि १९५६ मध्ये तिथे लहान मुलांची फुलराणी धावू लागली. पुढे कात्रजला सुमारे १३० एकरांवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं, ते १९९९ मध्ये खुलं झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी तिकडे गेले. फुलराणी मात्र तिथेच राहिली. वाघ-सिंह गेले तरी सहकुटुंब सहल टिकली! आपण तिथे नक्की कशासाठी जात होतो, हा प्रश्न इथेच पडायला हवा.

प्राण्यांच्या बाजूने हिशेब मांडायला आपल्याकडे उशीर झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि पिंजरा केवढा असावा, आडोसा असावा का, याचे नियम बनले. २००९ मध्ये याच प्राधिकरणाने हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नयेत असं ठरवलं. दुसरीकडे २०१६ मध्ये राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांच्यासाठी थंडगार काचेची खोली झाली आणि पुढच्या वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नासवर गेलं. आई-वडील आणि दोन मुलं मिळून शंभर. कुटुंबाचं तिकीट आपल्याकडे आहे, त्यामुळे कुटुंबाची जबाबदारीही आहे.

ही जबाबदारी किती अवघड आहे ते आमच्या भागाने २०२५ च्या जुलैमध्ये पाहिलं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरला वनतारात नेली. लोक रस्त्यावर उतरले, रडले, मोर्चे निघाले. ते प्रेम खोटं नव्हतं. हत्तिणीची प्रकृती आणि एकटेपणा यांवर न्यायालयात मांडलेले प्रश्नही खोटे नव्हते. आपलं प्रेम आणि प्राण्याची गरज एकाच दिशेला असतेच असं नाही. रथापुढे चालणारी हत्तीण बघत मोठा झालेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य लिहायला जड जातं, पण लिहायला हवं.

म्हणून मला वाटतं, प्राणिसंग्रहालयाचा इतिहास एका साध्या प्रश्नावर मोजावा. तिथल्या प्राण्याला न दिसण्याची मुभा आहे का? पर्वतीच्या गेंड्याला ती नव्हती, कारण दिसणं हेच त्याचं काम होतं. जुन्या लोखंडी गजांआड ती नव्हती. कात्रजच्या खंदकांच्या मोठ्या आवारांत ती थोडी मिळाली, वाघ झाडीत जाऊन आपल्याकडे पाठ करून झोपू शकतो. आणि तासगावहून जवळच सागरेश्वर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून माळरानावर लावलेलं जंगल, १९८५ साली अभयारण्य झालेलं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. त्यालाही कुंपण आहे, पण आतलं सांबर समोर आलं तर आलं.

पुढच्या वर्धापनदिनाला चित्रकला स्पर्धा जरूर ठेवा, पोरांच्या गालांवर पट्टेही रंगवा. सोबत आणखी एक उपक्रम ठेवा. आई-बाबा आणि मुलांनी एकाच पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटं काच न ठोकता, हाका न मारता उभं राहायचं. वाघ बाहेर आला नाही तर 'पैसे वाया गेले' असं म्हणायचं नाही. तो आत आहे आणि त्याला यायचं नाहीये, एवढं पोराला समजलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.