जातिभान प्रशिक्षण, उच्च शिक्षणातील

विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांना जातीय भेदभावाची रूपे, जन्माने मिळालेली अनुकूलता आणि तक्रारीचे मार्ग यांची ओळख करून देणारी सत्रे वा अभ्यासक्रम.

पार्श्वभूमी : दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने 2007 मध्ये अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटल्याचे त्यात नोंदवले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समता विनियमांनी समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी आणि जनजागृती यांची जबाबदारी संस्थांवर टाकली.

महाराष्ट्रातील प्रकरणे : मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी आत्महत्या केली. त्यांच्या आई आबेदा तडवी व हैदराबाद विद्यापीठात 2016 मध्ये आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला यांनी 2019 मध्येच या विनियमांच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 12 फेब्रुवारी 2023 रोजी आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या समितीला थेट जातिभेदाचा पुरावा आढळला नाही. तरी त्याच वर्षी संस्थेने सहाध्यायाला जेईईची रँक किंवा जात उघड करणारी माहिती विचारू नये, अशी सूचना काढली. नव्या मुलाला खोलीत शिरताच ‘रँक किती?’ असे विचारले जाते. आकडा ऐकला की ‘कॅटेगरीतून का?’ हा पुढचा प्रश्न तोंडाने विचारावाही लागत नाही. भेदभाव अशा साध्या बोलण्यातून वावरत असल्याने केवळ शिक्षेच्या तरतुदीने तो आटोक्यात येत नाही. प्रशिक्षणाची गरज इथेच आहे.

वाद : प्रशिक्षणाने जात नव्याने ठसते, खुल्या प्रवर्गातील मुलांना जन्मावरूनच दोषी धरले जाते आणि खोट्या तक्रारींना वाव मिळतो, असे विरोधक म्हणतात. समर्थकांच्या मते, जात न दिसणे ही सोय ज्यांना तिचा त्रास झाला नाही त्यांनाच मिळते. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, तेव्हा तेथील भारतीय वंशाच्या लोकांतही याच मुद्द्यांवर दोन तट पडले. दोषारोपाची भीती अगदीच निराधार नाही. सत्रात एखाद्या विद्यार्थ्याला जातीवरून उभे करणे, मग तो कोणत्याही प्रवर्गाचा असो, प्रशिक्षणाच्या हेतूलाच मारक ठरते. मात्र त्यावरचा उपाय सत्रे नीट घेणे हा आहे, बंद करणे नव्हे.

सद्यःस्थिती : आयोगाने जानेवारी 2026 मध्ये नवे समता विनियम अधिसूचित केले. जातीय भेदभावाच्या व्याख्येत इतर मागासवर्गीयांचा समावेश झाला. खुल्या प्रवर्गाला मात्र तिचे संरक्षण नाही, म्हणून देशभर निदर्शने झाली. 29 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देऊन 2012 चे विनियम चालू ठेवण्यास सांगितले. व्याख्येचा वाद न्यायालयात सुटेल. पण जनजागृतीचे कर्तव्य 2012 पासूनच संस्थांवर आहे, आणि ते टाळण्यास या स्थगितीने कोणतीही सबब मिळत नाही.