दसऱ्याची वाट आणि कासिमचा दिवस

माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, एकदा युरोप दाखवायचा असं त्याने मनात घेतलंय. आपा एकटी विमानात बसणार नाही, म्हणून सोबतीला मामू. माझी बायको येणार नाही, मुलाचं बारावीचं वर्ष आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याला रजा नव्हती, त्यामुळे उरली दिवाळीची सुट्टी. ठरलं: नोव्हेंबर 2026.

मागच्या महिन्यात त्याने व्हॉट्सॲपवर आराखडा पाठवला. त्याची स्वतःची गाडी, चालवणारा तो एकटाच. श्टुटगार्टहून स्ट्रासबर्ग, तिथून स्वित्झर्लंडचे डोंगर ओलांडून व्हेनिस, मग व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट, प्राग आणि परत. अकरा दिवस, आठ देश, जवळपास तीन हजार किलोमीटर. आपाने नकाशा पाहिला आणि विचारलं, "इत्ते मुलकां फिरके करनेका क्या? मेरेकू इस्तंबूल दिखाव, बस." आपाची हज 2017 मध्ये झाली. अबू अय्यूब अन्सारींच्या मजारीवर एकदा फातेहा पढायची, एवढीच तिची त्यानंतरची इच्छा आहे. गुडघे दोन्ही गेलेत. असा प्रवास पुन्हा होणार नाही, हे ती बोलत नाही, पण आम्हा दोघांना माहीत आहे.

मी शिक्षक माणूस. आराखडा बघून आधी मास्तरासारखा लाल पेन काढला. पण चूक नेमकी कुठे आहे ते लगेच सांगता येईना. किलोमीटर काही अशक्य नव्हते. आमच्या टेंभुर्णीहून पुणे एकशे साठ-पासष्ट किलोमीटर, तीन तासांत माणूस पोचतो. तिकडचे रस्ते तर याहून चांगले. मग अडतंय कुठे? उत्तर मिळालं ते इतिहासाच्या पुस्तकांत, आणि त्याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यात होते.

आपल्याकडे रस्ता कधी उघडतो? दसऱ्याला. पाऊस सरतो, नद्या उतरतात, चिखल वाळतो, चारा उभा असतो. म्हणून मराठ्यांची घोडी दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. हा नियम फक्त मराठ्यांचा नव्हता, मोगलांनाही तो पाळावाच लागला. भीमेच्या काठी, मंगळवेढे तालुक्यात, ब्रह्मपुरी आणि माचणूर आहे. औरंगजेब बादशहाने 1695 पासून चार वर्षं तिथे तळ ठोकला आणि गावाला इस्लामपुरी नाव दिलं. (औरंगजेबाचं नाव काढलं की हल्ली लोक आधी आपल्याकडे बघतात, मग मुद्द्याकडे. मला इथे त्याच्या फक्त निघण्याच्या तारखा हव्या आहेत.) जुलै 1697 मध्ये भीमेच्या पुरात त्याच्या छावणीचं अतोनात नुकसान झालं. आणि साताऱ्यावर जायला तो त्या तळावरून हलला तो 19 ऑक्टोबर 1699 रोजी. एवढी मोठी फौज, पण कूच पाऊस गेल्यावरच. पुढच्याच वर्षी याचा उलटा अनुभव आला. 1700 च्या ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला सांगोल्याकडच्या खवासपूरला माण नदीच्या काठी तळ होता. रात्री पाणी चढलं, पळापळ झाली, बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा किंचित लंगडू लागला. पावसाळा संपला असं आपण धरतो, तेव्हा हस्ताचा एक तडाखा बाकी असतो. हे टेंभुर्णीतला कुठलाही ऊसवाला सांगेल, मग तो मुलाणी असो की पाटील.

तर आपल्या रक्तात हे बसलंय: आश्विन-कार्तिक म्हणजे प्रवासाचे दिवस. दिवाळी म्हणजे सहल. भाच्याने सगळं आयुष्य इथे काढलं, तिकडे जाऊन त्याला चारच वर्षं झालीत. आराखडा करताना त्याच्या हातून दसऱ्याचंच पंचांग उघडलं गेलं.

युरोपात नेमकं उलटं आहे. तिथे याच दिवसांत रस्ता मिटतो. आणि हे ज्यांना सगळ्यात महागात समजलं ते उस्मानी तुर्क.

उस्मानी लोक मुसलमान, त्यांचं धार्मिक वर्ष हिजरी. पण हिजरी वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकतं. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत. पेरणी, चराई, जहाजं, फौजा यांना ते उपयोगाचं नाही. आपल्याकडचा मुसलमान शेतकरी जसा मृग, आर्द्रा, हस्त ही नक्षत्रं पाळतो, तशी त्यांनीही एक वेगळी सोय केली होती. वर्षाचे सरळ दोन भाग. एक रोज-ए-खिजर, म्हणजे ख्वाजा खिजरचा दिवस, आजच्या हिशोबाने 6 मे. दुसरा रोज-ए-कासिम, 8 नोव्हेंबर. खिजरला हिरवळ येते, घोडे चरायला सुटतात, मोहिमा निघतात. कासिमला सगळं आवरायचं, घरी परतायचं. तुर्की भाषेत नोव्हेंबर महिन्याला आजही कासिमच म्हणतात. उर्दूच्या मास्तराला इथे गंमत वाटते. कासिम म्हणजे वाटणी करणारा, वर्षाचे दोन तुकडे करणारा. उर्दू माध्यमात मुलं भागाकाराला तकसीम म्हणतात, तो शब्द याच धातूतला.

आता सुलतान सुलेमानची 1529 ची मोहीम घ्या. इस्तंबूलहून तो 10 मे रोजी निघाला, म्हणजे खिजरनंतर लगेच. वाट ठरलेली: एदिर्ने, सोफिया, निश, बेलग्रेड, बुडा, व्हिएन्ना. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. त्या वर्षी बाल्कनमध्ये उन्हाळाभर पाऊस लागला. पूल वाहून गेले, उंट चिखलात मेले, तटबंदी फोडणाऱ्या मोठ्या तोफा मागेच राहिल्या. व्हिएन्नाच्या वेशीवर सुलतान पोचला तो सप्टेंबरच्या अखेरीस. शहर घ्यायला हाताशी दिवस किती? शेवटचा हल्ला 14 ऑक्टोबरला झाला. त्या काळचं जुनं कॅलेंडर आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने 24 ऑक्टोबर. तो फसला आणि लगेच वेढा उठवला. परतीच्या वाटेवर बर्फ आणि चिखलात माणसं, जनावरं, सामान किती गेलं त्याला गणती नाही. व्हिएन्ना वाचली ती शहराच्या बचावकर्त्यांमुळे, यात शंका नाही. पण सुलेमानकडे आणखी महिनाभर कोरडा रस्ता असता, तर गोष्ट वेगळी असती, असं मला वाटतं.

एव्लिया चेलेबी हा तुर्कांचा मोठा प्रवासी. त्याचं सियाहतनामा दहा खंडांचं. तो 1665 मध्ये सुलतानाच्या वकिलातीबरोबर व्हिएन्नात शिरला, महिना जून. त्याला गप्पा रंगवून सांगायची सवय होती, पण महिना त्याने बरोबर निवडला होता.

आपल्या लोकांचं काय? भाच्याला मी जंजिऱ्याच्या बेगमची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीतच नव्हती, आणि यात त्याचा दोष नाही. मराठीत प्रवासवर्णनांची केवढी श्रीमंती. पुलंची अपूर्वाई कुणाच्या घरी नाही? पण मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम नाझली ही 1908 मध्ये नवाब सिद्दी अहमद खान आणि बहीण अतिया यांच्यासोबत युरोप फिरून इस्तंबूलला गेली आणि तिने त्यावर सैर-ए-युरोप हे पुस्तक लिहिलं, हे मराठी वाचकाला कोण सांगणार? पुस्तक उर्दूत. आपल्याकडे उर्दू म्हटलं की ते लखनौ-लाहोरचं समजतात. मुरूडच्या समुद्रकाठच्या बाईनेही ते लिहिलं असेल, हे लक्षातच येत नाही. आमच्या उर्दू शाळांत जंजिरा सहलीला जातात, किल्ला बघतात, शहाळं पितात, परत येतात.

अतिया फैजी तर त्याआधीच तिकडे राहून आली होती. जन्म इस्तंबूलचा, 1877 चा. 1906 मध्ये ती लंडनला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गेली, म्हणजे माझ्यासारखीच बीएडवाली म्हणा. तिथून बहीण जोहराला लिहिलेली तिची पत्रं लाहोरच्या तहजीब-ए-निस्वाँ या बायकांच्या पत्रात छापून आली. पुढे 1921 मध्ये आग्र्याहून जमाना-ए-तहसील हे पुस्तक झालं. लंडनमध्ये 1907 साली तिची इक्बालशी ओळख झाली. त्याच वर्षी इक्बाल जर्मन शिकायला हायडलबर्गला गेले आणि ऑगस्टमध्ये अतिया तिथे पोचली. बघा, ऑगस्ट. नेकर नदीच्या काठच्या एका संध्याकाळीवर इक्बालची नज्म आहे, बांग-ए-दरामध्ये. मी ती दरवर्षी शिकवतो. नदीकाठच्या रस्त्याच्या एका भागाला आज इक्बालचं नाव आहे. श्टुटगार्टपासून हायडलबर्ग एकशेवीस किलोमीटर, आणि भाच्याच्या आठ देशांच्या यादीत ते नव्हतं!

आणखी एक फरक. 1914 च्या आधी पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी सरहद्दीवर पासपोर्ट कुणी मागत नसे. रशिया आणि उस्मानी राज्य मागायचं. म्हणजे नाझली बेगमला पॅरिस-व्हिएन्नाला जे कागद लागले नसते, ते इस्तंबूलला लागले असते. त्या एका वर्षात सरहद्दीही हलत होत्या: जुलैत तरुण तुर्कांचं बंड, 5 ऑक्टोबरला बल्गेरियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला. आज शेंगेनचा एक व्हिसा मिळाला की बल्गेरियापर्यंत कुणी अडवत नाही, 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया आणि रुमानियाही पूर्ण आत आलेत. सर्बिया बाहेर आहे, तुर्कस्तान बाहेर आहे. पण तो एक व्हिसा मिळवताना पगारपत्रकं, बँकेचे उतारे, बोटांचे ठसे आणि "परत येणार कशावरून" हा प्रश्न. बेगमला तो कुणी विचारला नसावा.

आता भाच्याचं म्हणणं. तो म्हणाला, "मामू, सुलेमानकडे बोगदे नव्हते." बरोबर आहे. गॉटहार्डचा सतरा किलोमीटरचा बोगदा 1980 पासून बारा महिने चालू असतो. पण ज्या डोंगरांसाठी माणूस तिकडे जातो, ते पाहायचे म्हणजे घाटावर चढावं लागतं. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतो आणि मे महिन्यात उघडतो. म्हणजे पुन्हा खिजर ते कासिम, पाटी फक्त जर्मन भाषेत. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल रस्त्यावर बर्फ असला तर हिवाळी टायर सक्तीचे. बोगद्यातून आपाला काय दाखवणार? दिवे?

शिवाय खरी अडचण रस्त्याची नाहीच, दिवसाची आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिएन्नात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. टेंभुर्णीत त्या दिवशी सहाच्या सुमारास. जोहर, असर, मगरिब तिन्ही पावणेबारा ते साडेचारच्या मध्ये. आपाची एक नमाज चुकत नाही आणि दर दीड तासाला तिला गाडीतून उतरून पाय मोकळे करावे लागतात. हे सगळं वजा करून प्रकाशातले तास मोजले. व्हेनिस-व्हिएन्नाच्या दिवशी, सहाशे किलोमीटर, बघायला उजेडच उरत नव्हता. अकरापैकी पाच दिवस असे निघाले. मावशीच्या लग्नाच्या अल्बमसारखं, फोटो सगळीकडचे आणि गेलो कुठेच नाही.

यंदा अधिक महिना आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, अगदी रोज-ए-कासिमला. तुर्क ज्या दिवशी तंबू गुंडाळायचे, त्या दिवशी आम्ही निघणार. तारीख आमच्या हातात नाही, सुट्टी सरकारची. मग देश कमी करायचे, एवढंच हातात.

मी उलटा आराखडा पाठवला. श्टुटगार्टला दोन रात्री, त्यातला एक दिवस हायडलबर्ग आणि नेकरकाठ. म्युनिकला दोन रात्री, इक्बालची पीएचडी तिथल्या विद्यापीठाची. साल्झबर्गला एक. व्हिएन्नाला तीन. एकूण गाडी चालवणं नऊशे-सव्वानऊशे किलोमीटर, एका दिवसात तीनशेच्या वर नाही, आणि चारला मुक्कामी. जेवणाची काळजी नाही. 30 ऑक्टोबर 1961 ला जर्मनी आणि तुर्कस्तानचा मजुरांचा करार झाला, त्यानंतर तुर्क गावोगावी वसले. व्हिएन्नाच्या वेशीवर जे अडले होते, त्यांचे नातू आज वेशीच्या आत डोनर विकतात. मग व्हिएन्नाहून भाचा गाडी घेऊन परत आणि आम्ही दोघं विमानाने इस्तंबूल, दोन-अडीच तास. तिथे दोन रात्री, अय्यूब सुलतान, आणि तिथूनच मुंबई. जाताना जर्मनी, येताना तुर्कस्तान, असं तिकीट मिळतं. परत शेंगेनमध्ये शिरायचं नाही, म्हणून एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. तुर्कस्तानचा वेगळा काढायचा.

भाच्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एकच शब्द: "व्हेनिस?" मी त्याला सूर्यास्ताचं कोष्टक पाठवलं. स्वित्झर्लंड आणि व्हेनिस पुढे कधीतरी मे महिन्यात, त्याच्या बायकोसोबत जावं, मामूला घेऊन नको.

आपाला सगळं वाचून दाखवलं. सुलेमान, बेगम, इक्बाल तिने शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, "कासिम के बाद जा रैं, तो स्वेटर दो लेना पडता." ते लिहून ठेवलंय. पण आधी तिचा पासपोर्ट. तो हजसाठी काढलेला, डिसेंबर 2016 चा, म्हणजे येत्या डिसेंबरात संपतो. शेंगेनमधून बाहेर पडल्यावर पुढे तीन महिने मुदत शिल्लक लागते. सोमवारी पहिला अर्ज त्याचा.