लाखोळीची कहाणी

पक्वान्नांचें कौतुक करणारे पुष्कळ असतात; परंतु ज्या अन्नावर विषाचा आरोप आला, सरकारी बंदी आली, आणि तरीही जें चुलीवरून उतरलें नाहीं, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील शहापूर व भोंवतालचा वैनगंगेचा परिसर हा भाताचा मुलूख. भात कापणीस येण्यापूर्वीं उभ्या पिकांतच, ओल्या जमिनीवर, लाखोळीचें बीं फेंकून देतात. नांगरट नको, पाणी देणें नको. या पद्धतीस उतेरा म्हणतात. हिंवाळ्यांत कोंवळ्या पाल्याची भाजी होते. पुढें डाळीचें वरण आणि वाटल्या डाळीचे वडे. तुरीच्या डाळीशीं हिचें रूप इतकें जुळतें कीं, भेसळीच्या वाटेनें ती शहरांतील पानांवरही नकळत येऊन गेली आहे.

आरोप मात्र खोटा नव्हे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमननें १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सागर-नर्मदा मुलखांतील एका गांवाची हकीकत दिली आहे. १८२९ सालीं गारांनीं गहूं झोडपला, पुढच्या वर्षीं पाऊस चुकला, १८३१ सालीं तांबेरा पडला. लाखोळी तेवढी जोमानें वाढली आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ सालीं तिशीच्या आंतील तरुणांचे पाय कमरेपासून लुळे पडूं लागले. अन्यत्र शेतमजुरांस मजुरीच लाखोळीच्या रूपानें मिळे. म्हणजे दुखणें पगारांतच आलें!

१९६१ सालीं देशांतील बहुतेक राज्यांत हिच्या विक्रीस बंदी झाली. विषाचें मूळ भारतीय शास्त्रज्ञांस सांपडलें तें त्यानंतर, १९६४ सालीं. दाण्यांतील एक अमिनो आम्ल मज्जातंतूंस घातक ठरतें. परंतु आहाराचा तिसरा हिस्सा वा अधिक लाखोळीचाच होऊन महिनेच्या महिने तसेंच चाललें तर. भाताबरोबर अधूनमधून वाटीभर वरण खाणाऱ्यावर ही पाळी येत नाहीं. दाण्याकडे बोट दाखविणाऱ्यांनीं रिकाम्या कणगीकडेही पाहावयास हवें होतें.

स्पेन देशांत हेंच घडलें. तेथें या दाण्याच्या पिठाची ‘गाचास’ नांवाची लापशी ला मांचा प्रांताचें भूषण मानतात. १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळांत लोक याच पिठावर जगले, आणि गोया या चित्रकारानें तो देखावा आपल्या युद्धचित्रमालेंत कोरून ठेवला. चित्रांत एक स्त्री जमिनीवर पडलेली आहे. स्पेननें १९६७ सालीं हें पीठ माणसांच्या आहारांतून वर्ज्य केलें व २०१८ सालीं बेतानें खाण्यास पुन्हा परवानगी दिली.

आपल्याकडे ‘रतन’सारखे अल्पविषारी वाण निघाले आहेत. डाळ कढत पाण्यांत भिजवून तें पाणी ओतून टाकल्यासही विषाचा बराच अंश जातो. मात्र दुष्काळांत पाणी आणि सरपण या दोहोंचीच वानवा असते.